लघिमेचे टायर

१६ नोव्हेंबर १९३६, सोमवार

आज जेवताना चटणी उजवीकडे होती.

वाक्य पुन्हा वाचून पाहिलं. बरोबर लिहिलं आहे. माणसानं पान मांडायला सुरुवात केली त्या दिवसापासून चटणी, कोशिंबीर, लिंबू डावीकडे; भाजी, आमटी उजवीकडे. यात कोणाचं मत विचारण्याची पद्धत नाही. या भागात यादव होऊन गेले, तुघलक येऊन गेला, मोगल आले, आता निजाम आहेत. चटणी जागची हलली नव्हती. ती आज आमच्या घरात हलली. पाण्याचं फुलपात्रसुद्धा उजवीकडे. सौ. ला कारण विचारलं. म्हणाली, असं वाढलेलं बरं पडतं. कुणाला बरं पडतं, असं विचारेपर्यंत आमटी वाढून आत गेली.

संकल्प: रागवायचं नाही. रागानं अन्न पचत नाही आणि अक्षर बिघडतं. अक्षर हल्ली मोठं येतं, ते रागामुळंच.

असो. ही रोजनिशी चटणीसाठी नाही, टायरांसाठी सुरू केली आहे. तारखा इंग्रजी घालणार. निजाम सरकारच्या पंचांगातली फसली तारीख कोणती, हे कळायला कचेरीत जावं लागतं.

विषय असा. आमच्याकडे मोटार आहे. दोन माणसांची, उघडी, तारांच्या चाकांची, वजनानं एखाद्या सुदृढ म्हशीइतकी. छावणीतल्या एका गोऱ्या कप्तानानं विलायतेला परत जाताना ती आप्पासाहेब जहागीरदारांना दिली. आप्पासाहेब तिच्यात एकदाच बसले. उठताना दार काढावं लागलं. त्याच सुमारास मी त्यांचं संस्कृत मानपत्र रचलं होतं. त्यांनी ते ऐकून डोळे पुसले आणि गाडी मला दिली. मी तिचं नाव लघिमा ठेवलं. अष्टसिद्धींपैकी एक, हलकेपणाची. गल्लीत तिला पंडितजीका जूता म्हणतात. आकार तसा आहे, हे मान्य. पण म्हणायची गरज नाही.

तर लघिमेचे चारही टायर गुळगुळीत झाले आहेत. त्यामुळं ती डावीकडे जाते. मी सरळ नेतो, ती डावीकडे जाते. ६ डिसेंबरला रविवारी पैठणला पंडितसभा आहे. आप्पासाहेब अध्यक्ष. माझा निबंध: ‘संस्कृत वाङ्मयातील रथविचार’. रथावर बोलायला मोटारीतून उतरायचं, शेजारी सौ., सभेच्या दारात. हे दृश्य ठरलेलं आहे. टायर तेवढे राहिले.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

ताहेराबीच्या शेळीचा आणि माझा मतभेद.

ताहेराबी म्हणजे शेजारीण. लघिमा गल्लीतून बाहेर काढत होतो. डाव्या बाजूला शेळी एकदम उगवली. ताहेराबीचं म्हणणं, शेळी सकाळपासून त्याच खुंटाला बांधलेली होती. बांधलेली शेळी उगवू शकत नाही, हा तिचा युक्तिवाद वरवर बरा दिसतो, पण त्यात टायरचा विचार केलेला नाही. ब्रेक दाबला तरी गुळगुळीत टायर घसरत जातो, हे तिला चारदा समजावलं. शेळीला काही झालं नाही. खुंटा मोडला.

ताहेराबी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, “बकरी तो बाजू हो गई, पंडितजी. तुमीच नै हुए.”

गल्ली हसली. सौ. खिडकीत होती. ती हसली नाही. हे मला जास्त लागलं.

कालचा संकल्प दुपारपर्यंत टिकला.

१८ नोव्हेंबर, बुधवार

पैठण गेटजवळच्या फकिराकडे गेलो. हा पूर्वी टांगे दुरुस्त करायचा. आता मोटारी करतो, पण मोटारीच्या तोंडाशी जाऊन तिला अजून चुचकारतो. लघिमा डावीकडे का जाते, असं विचारलं. त्यानं आधी हवा भरली. भरतच राहिला. टायर दगडासारखा झाला. मी म्हटलं, ही लॉरी नव्हे, हलकी गाडी आहे, हिला हवा बेतानं लागते. जास्त भरली की खड्ड्यावर टुणकन उडते. त्यानं ऐकून घेतलं आणि आणखी भरली. परत येताना शहागंजपर्यंत आम्ही रस्त्यावर कमी आणि हवेत जास्त होतो.

पण राग त्याचा नाही. पुढचा आहे. हवा भरून झाल्यावर तो मागं सरला, गाडीकडे तिरकं बघत राहिला आणि म्हणाला, “नजरेचा दोष हाय, शास्त्रीबुवा. दुसरं कायबी नाय.”

आणि डाव्या मडगार्डाखाली लिंबू, मिरच्या आणि बिब्बा बांधला.

मी न्यायशास्त्र शिकलेला मनुष्य. धूर दिसला तर अग्नीचं अनुमान करावं, बिब्ब्याचं करू नये. विसाव्या शतकात, विलायती यंत्राला, नजर! त्याला तिथंच दहा मिनिटं सुनावलं. तो म्हणाला, लिंबू आठवड्यानं बदलायला आणा.

घरी येऊन बिब्बा सोडायला गेलो. सापडला नाही. पडला असेल. सौ. बाहेर आली आणि तिनं सोडून हातात दिला. अंधार होता म्हणून मला दिसला नाही. तशी अजून दिवेलागण व्हायची होती, पण नोव्हेंबर आहे.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

शहागंजात नूरमोहम्मदचं सायकल-मोटार सामानाचं दुकान. माणूस सभ्य, पण त्याला गिऱ्हाईकाला अक्कल आहे हे पटत नाही. त्यानं लॉरीचा जाड नक्षीचा टायर पुढं केला. म्हणाला, बिडकीनच्या रस्त्यावरच्या बाभळीचा काटा याला हात लावायचा नाही. खरं असेल. पण हे टायर घातले तर लघिमेचं सगळं बळ चाकं फिरवण्यातच जाईल आणि सुकाणू फिरवायला जातं फिरवणारी बाई लागेल. मग त्यानं जुन्यावर नवं रबर चढवलेला टायर दाखवला. नव्यासारखा, म्हणाला. नव्यासारखा आणि नवा यांतला फरक व्याकरणात फार मोठा आहे. तो मी त्याला सांगितला. त्यानं चहा मागवला.

शेवटी विलायती कॅटलॉग मिळाला. घरी आणला. वाचीन. छपाई मात्र भिकार. अक्षरांना कडाच नाहीत. विलायत घसरत चालली आहे.

२१ नोव्हेंबर, शनिवार

दिवसभर शास्त्रार्थ. वादी मी, प्रतिवादी मी.

पूर्वपक्ष: कॅटलॉगातला ‘स्पोर्ट्स’ टायर. हलका, मऊ रबर, बारीक रेघा, रस्त्याला धरून राहणारा. अशा गाडीसाठीच केलेला. आक्षेप: मऊ रबर डांबरावर शोभतं, आपल्याकडे मुरूम, गोटे आणि बाभूळ. उत्तर: टिकणं हा गुण बैलगाडीचा. मोटारीचा गुण वळणं. पुन्हा आक्षेप: पैठणचा रस्ता फारसा वळत नाही. यावर प्रतिवाद्याला गप्प केलं.

आणखी एक पक्ष असा की पुढं मऊ घालावेत आणि मागं जाड. हा पक्ष क्षणभर गोड वाटला. पण पुढची चाकं एक म्हणतील, मागची दुसरं, आणि मधे मी. घरात तेच चाललं आहे, गाडीतही नको.

सिद्धान्त: चारही टायर स्पोर्ट्स. चारही नवे, एकदम. डाव्या बाजूच्या सगळ्या कटकटी संपतील.

कंदिलाभोवती हल्ली रंगीत खळं दिसतं. घासलेटात भेसळ आहे. दुकानदाराला बोलायचं.

२२ नोव्हेंबर, रविवार

जुन्या टायरांची शेवटची परीक्षा घ्यावी म्हणून गारखेड्याच्या वाटेला गेलो. सौ. ला बरोबर घेतलं. पैठणची रंगीत तालीम.

तालीम ज्वारीत झाली.

वाट उजवीकडे वळते. लघिमा वळली नाही. डावं चाक बांधावर चढलं, बांधावरून शेतात उतरलं, आणि आम्ही हिरव्या ज्वारीत कमरेपर्यंत बसलो. शेतकरी बन्सी नावाचा. बैल घेऊन आला. मी त्याला टायर दाखवले. कसे झिजलेत बघ, म्हटलं. बांध दिसला तरी गाडी थांबतच नाही.

त्यानं टायरकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं. “बांध हाय की ह्यो, म्हाराज. माझ्या आज्याच्या येळंपासून हितंच हाय.”

या माणसांना यंत्राचं काही सांगण्यात अर्थ नाही. बैलांनी आम्हाला ओढून काढलं. लघिमा हलकी असल्यामुळं एकच बैल पुरला असता, असं बन्सी म्हणाला. दुसरा नुसता सोबतीला आला.

सौ. घरापर्यंत चालत आली. मी गाडी तिच्या चालीनं चालवली. तीसुद्धा माझ्या डाव्या बाजूनंच चालत होती. रस्ता मोकळा असताना. चिडून तिला उजवीकडे यायला सांगितलं. आली नाही.

२३ नोव्हेंबर, सोमवार

सौ. चं बंड.

पैठणला लघिमेतून येणार नाही. बसनं येईल. लघिमेत बसायची एकच अट: बुधवारी इस्पितळात डोळ्यांचा डॉक्टर असतो, त्याच्याकडे मी आधी जाऊन यायचं.

टायरचा आणि डॉक्टरचा संबंध काय, हे मी तिला शांतपणे विचारलं. ताहेराबी धावत आली, त्यावरून शांतपणे विचारलं नसावं. सौ. म्हणाली, खुंटा टायरनं मोडला, बांध टायरनं चढला, मग माठ कशानं फुटला? माठ काल स्वयंपाकघरात फुटला. तो डावीकडे ठेवलेला होता. माठ जागेवर ठेवण्याची पद्धत राहिली नाही, यात माझा काय दोष.

न्यायशास्त्रात याला अर्थान्तर म्हणतात, म्हणजे विषय सोडून बोलणं. टायर येऊ देत. मग बघू कोण कुठल्या बसनं जातं.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

आज मोठं काम केलं.

नूरमोहम्मद म्हणाला, मुंबईला तार करायची तर टायरचं माप हवं. तो स्वतः येऊन गाडीवरचा नंबर बघेल, रबरावरचा आकडा झिजून गेलेला असतो. मला हे आवडलं नाही. शारदा लिपीतली, वाळवी लागलेली पोथी ज्यानं काश्मिरी पंडितासमोर घडाघडा वाचली, त्याला रबराच्या चाकावरचा आकडा वाचता येणार नाही? मी म्हटलं, मी वाचून सांगतो.

उन्हात चाकासमोर उकिडवा बसलो. रबरातून उठवलेले इंग्रजी आकडे. धूळ पुसली. चार पूर्णांक पन्नास, हे लगेच. ती झाली रुंदी. पुढचा आकडा चाकाच्या व्यासाचा, तो जरा नाठाळ. आधी एक. मग तीन, किंवा आठ, किंवा नऊ. उपरण्यानं डोळे पुसले. ऊन फार होतं. तिन्ही एकमेकांत मिसळत होते.

आणि मग एकदम उलगडलं. अठरा. पुराणं अठरा. भारताची पर्वं अठरा. गीतेचे अध्याय अठरा. कुरुक्षेत्रावरच्या अक्षौहिणी अठरा. रथाच्या चाकाला दुसरा कुठला आकडा शोभेल? पुन्हा पाहिलं तर स्वच्छ आठ दिसला.

दुकानात जाऊन नूरमोहम्मदला पुराणांसकट सांगितलं. तो माशाअल्ला म्हणाला आणि त्यानं तार केली. निबंधात हा मुद्दा घालावा काय? घालावा.

२६ नोव्हेंबर, गुरुवार

तहसीलदारांकडे चहापान. कार्डावर इंग्रजीत वेळ छापलेली, सहा. सहाला पोचलो. पाहुणे परतत होते. टेबलावर केळ्यांच्या साली आणि एक शिपाई. तहसीलदार हसून म्हणाले, पंडितजी, आप तो देर से आए. मी कार्ड खिशातून काढून दाखवणार होतो. पण त्यांच्याच छापखान्याची चूक त्यांच्याच अंगणात दाखवणं बरं नव्हे.

घरी येऊन सौ. पुढं कार्ड टाकलं. तिनं लांबूनच पाहिलं आणि पाच म्हणाली. इंग्रजी आकडे तिला मीच शिकवले, पाटीवर, लग्नानंतर. शिकवलं नसतं तर आज सहा राहिले असते.

कार्ड फाडलं. आता वाद मिटला.

पुण्याच्या साप्ताहिकाला ‘आमच्या वार्ताहराकडून’ म्हणून चहापानाचा वृत्तांत पाठवायचा होता. केळ्यांच्या सालींवर काय लिहिणार.

२९ नोव्हेंबर, रविवार

निबंध साफ उतरून काढतोय. शाई फिकी. दुसरी शाई आणली, तीही फिकी. ओळींवर ओळी चढतात. कागद आखलेला असून. सगळ्या शहरात एक चांगली वस्तू मिळत नाही. चार पानांचा निबंध अकरा पानांचा झाला. अक्षर मोठं काढल्यामुळं त्याला भारदस्तपणा आला आहे.

सौ. म्हणाली, वाचून दाखवा. मी म्हटलं, सभेतच ऐक. तिनं दुसऱ्यांदा म्हटलं नाही. तिचं हे दुसऱ्यांदा न म्हणणं वाढत चाललं आहे.

ताटात चटणी अजून उजवीकडेच. मी रोज फुलपात्र उचलून डावीकडे ठेवतो. आज ते माझ्या हातून सांडलं. ती फडकं घेऊन दारातच उभी होती. जणू वाट बघत.

१ डिसेंबर, मंगळवार

आले! आले! आले!

पार्सल स्टेशनवरून आलं. चार टायर, नवे, काळेभोर. रबराचा वास घरभर. नाक चांगलं असलं की वस्तू कळते. बोटांनी रेघा चाचपून पाहिल्या, अगदी कॅटलॉगात म्हटल्या तशा. ताहेराबी बघून गेली. शेळी आत बांधली आहे, म्हणाली.

सौ. ला म्हटलं, आता बस रद्द कर. ती टायरकडे बघून म्हणाली, चांगले आहेत. बसचं काही बोलली नाही.

उद्या फकिरा येणार. उद्यापासून लघिमा सरळ जाणार. आज कोणावरही रागावलो नाही. नोंद करण्यासारखं आहे.

२ डिसेंबर, बुधवार

लघिमा सरळ जाणार, हे कालचं वाक्य मागं घेतो.

टायर बसत नाहीत. चारही. फकिरानं जुना टायर काढला, नवा चाकाशी धरला, आणि नवा लहान. जोडा आखूड व्हावा तसा. मी म्हटलं, नवं रबर असं आक्रसतं, गरम पाणी घाल. सौ. नं दोन हंडे पाणी तापवलं. घातलं. मग पहारी घातल्या. फकिरा चाकावर उभा राहून नाचला. ताहेराबीचं सगळं घर दारात. टायर तसूभर सरकला नाही, फकिरा मात्र सरकला आणि पडला.

उठल्यावर म्हणाला, तरी सांगत होतो नजरेचा दोष हाय, लिंबू कशापायी सोडलं. मी पहार फेकली. लागली कोणाला नाही. डावीकडे गेली.

३ डिसेंबर, गुरुवार

शहागंज. नूरमोहम्मदला फैलावर घेतलं.

माझी उपपत्ती: या संस्थानात आकड्यांच्या तीन जाती आहेत. आमचे, इंग्रजी आणि उर्दू. उर्दूतला पाच आमच्या शून्यासारखा, इंग्रजीतला नऊ आमच्या एकासारखा. मी सांगितलं मराठीत, त्याच्या मुनशीनं टिपलं उर्दूत, तार गेली इंग्रजीत. तीन उंबरठे ओलांडताना आकड्याचा पाय मोडणार नाही तर काय. मी तासभर बोललो. मुद्दा इतका पटण्यासारखा होता की रस्त्यावरची माणसं थांबून ऐकत होती.

मुनशी बिचारा खाली मान घालून. मी त्याला सोडला नाही. आकडा वाचता येत नसेल तर आधी डोळे तपासून घे, म्हणून सांगितलं. सगळे हसले.

नूरमोहम्मद सगळं ऐकून घेऊन म्हणाला, टायरवर अठराच आहे, पंडितजी, आणि तुम्ही पुराणांसकट अठराच सांगितलं होतं. मग मी म्हटलं, कारखान्यानं सतरा करून वर अठरा छापले असतील. तो जवळ सरकला. मग हळू आवाजात, दुकानातल्या कोणाला ऐकू जाऊ नये असं बोलला. “पंडितजी, उद्या दुपारी मी येतो. जुना टायर आपण दोघं मिळून बघू. बस्स, तुम्ही आणि मी.”

त्याची हळू बोलण्याची पद्धत मला अपमानास्पद वाटली. येऊ दे. त्याच्या डोळ्यांपुढं आठ धरीन.

४ डिसेंबर, शुक्रवार

नूरमोहम्मद नमाजानंतर येणार होता. पुरावा तयार ठेवावा म्हणून जेवण झाल्याबरोबर अंगणात गेलो. जुना टायर भिंतीला टेकून उभा केला, ओल्या फडक्यानं पुसला, ऊन थेट आकड्यावर घेतलं. आठ.

वारा होता. उजव्या डोळ्यात कचरा गेला. उपरणं धरून तो डोळा मिटला.

टायर दिसेना. ताकाच्या भांड्यातून बघावं तसं. भिंत, टायर, अंगण, सगळं पांढरट, हलणारं. वाटलं, कचरा याही डोळ्यात गेला. पुसला. पुन्हा तेच. तसाच उभा राहिलो. बऱ्याच वेळानं उजवा डोळा उघडला. टायर होता जिथं होता तिथं. आकडा होता. आठ.

मग काय वाटलं कोण जाणे, दोन्ही डोळे मिटले आणि आकड्यावर बोट ठेवलं. एकाची काठी लागली. पुढं वरचा गोल लागला. बोट गोलावरून फिरून खाली आलं. खाली दुसरा गोल नव्हता. नुसती शेपटी होती, आत वळलेली. पुन्हा फिरवलं. दुसऱ्या चाकावर फिरवलं. चारही चाकांवर फिरवलं.

नऊ. एकोणीस.

मागं सौ. उभी होती. कधीपासून, ते विचारलं नाही.  माझं बोट काळं झालं होतं, ते तिनं पदरानं पुसलं.

नूरमोहम्मद आला तेव्हा मी टायर आडवा करून त्यावर बसलो होतो. त्याला म्हटलं, मुनशीची चूक नव्हती. त्यानं बरं म्हटलं. टायर परत पाठवून एकोणीसचे मागवता येतील, म्हणाला. आकडा बघायला तो टायरजवळ गेलाच नाही. उद्या दुकानात जाऊन मुनशीला चारचौघांत सांगायचं आहे. बोललो होतो चारचौघांत.

सायंकाळी जेवताना चटणी उजवीकडे. फुलपात्र उजवीकडे. ते तिथंच राहू दिलं. बऱ्याच दिवसांनी चटणी पुरती खाल्ली.

५ डिसेंबर, शनिवार

उद्या पैठणला बसनं जाणार. लघिमेवर ताडपत्री घातली. मुनशीला भेटून आलो. तो म्हणाला, होता है पंडितजी, आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

फकिरालाही कळलं. लिंबानं काम केलं, असं तो सगळ्यांना सांगतो आहे. नजरेचा दोष हाय, असं मी पहिल्याच दिवशी बोललो होतो, म्हणतो. बोलला होता. शब्द बरोबर होता. कोणाच्या नजरेचा, ते त्यालाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

सौ. ला ठाऊक होतं. तीन आठवडे ती सगळं डावीकडून उचलून उजवीकडे ठेवत होती आणि रस्त्यात स्वतः डावीकडे चालत होती. डॉक्टर बुधवारी असतो. ती बरोबर येणार आहे.

निबंध मघाशी स्वतःपुरता वाचायला घेतला. अकरा पानांचं मोठं अक्षर. दुसऱ्या पानावर ओळ हरवली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच हरवली. उद्या उभा राहीन आणि आठवेल तेवढं बोलेन.

वडिलांची दृष्टी साठीच्या आधी गेली होती. आम्हा मुलांना त्याचं फारसं काही वाटलं नाही, कारण त्यांचं काहीच थांबलं नाही. सगळी संहिता पाठ. ओसरीवर बसून शेवटपर्यंत शिकवत होते; आम्ही चुकलो तर अंधारातून हाक यायची. मी छापील पुस्तकांच्या दिवसांत शिकलो. पाठ करायची गरज वाटली नाही. लागेल तेव्हा कपाट उघडायचं, बघून घ्यायचं.

आज राग कोणाचाच येत नाही. आठवून पाहिलं, तरी येत नाही. डावा डोळा गेला आहे आणि उजव्याला नवाचा आठ दिसतो. पुस्तकं कपाटात तशीच असतील आणि मला ती वाचता येणार नाहीत, याची मला भीती वाटते.